वशिला नको, ओळख हवी

नोकरीच्या शोधात असलेल्या कारागीर-व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी काही उपयुक्त सूचना

आयटीआयचे आणि कॉलेजचे निकाल लागले की आमच्याकडे वाचकांची एक तक्रार हमखास येते. "मुलाने पन्नास ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून बोलावणे नाही. वशिल्याशिवाय काही होत नाही. तुमची कुठे ओळख असेल तर बघा." तक्रार करणारे बहुधा दुकानदार, यंत्रमागवाले, फर्निचर किंवा फॅब्रिकेशनचे काम करणारे असतात. आम्ही त्यांना उलट विचारतो, "भाईजान, तुमच्या दुकानात दिवसाला किती माणसे येतात?" उत्तर येते, "चाळीस-पन्नास." मग आमचा पुढचा प्रश्न, "यातल्या किती जणांना ठाऊक आहे की तुमचा मुलगा नोकरी शोधतोय?" यावर सहसा उत्तर मिळत नाही.

आमच्या मते खरी अडचण येथेच आहे.

आपल्यापुढील अडचण वेगळी का?

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे की मुस्लिम कामगारांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. हिंदू कामगारांत हे प्रमाण ५५ टक्के आहे. स्वतःचा धंदा असणे ही अभिमानाचीच गोष्ट. पण ज्या घरात वडील, चुलते, मामा कोणीच नोकरीत नाही, त्या घरात कुठे जागा निघाली, साहेब काय विचारतात, पगार किती मागावा, हे मुलाच्या कानावर पडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी ठेवली. मुस्लिम नावाच्या अर्जाला उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जापेक्षा कमी बोलावणी आली. म्हणजे नुसत्या कागदावर विसंबणे आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त महागात पडते. यावर चिडून घरी बसणे हा इलाज नव्हे. कागदाच्या आधी माणूस पोहोचला पाहिजे, हा इलाज आहे.

वशिला आणि ओळख यांतला फरक

पात्रता नसताना मागच्या दाराने शिरणे आणि दुसऱ्याचा हक्क मारणे म्हणजे वशिला. जागेची बातमी वेळेवर कळणे आणि ज्याने आपले काम पाहिले आहे त्याने खरी साक्ष देणे म्हणजे ओळख. पहिली गोष्ट आपल्याला नको आहे. दुसरी मागण्यात कमीपणा नाही.

ही ओळख जवळचीच लागते असेही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका गावात नव्याने नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली आणि १९७३ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे १७ जणच त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत असत. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होई. कारण साधे आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी लांबचा माणूस आणतो. मोहल्ल्यातल्या दहा दोस्तांजवळ एकच बातमी दहा वेळा फिरते!

आता आपली वही काढा. मालाचा ठोक व्यापारी, कंपनीचा सेल्समन, ट्रान्सपोर्टवाला, मशीन दुरुस्तीला येणारा मेकॅनिक, बँकेतला कारकून, हिशेब पाहणारे वकील, आयटीआयचे निदेशक, जुने गिऱ्हाईक. अशी तीस नावे सहज निघतील. व्यापाऱ्याच्या घरात ही दौलत पडून असते आणि मुलासाठी ती कोणी वापरत नाही.

बोलावे कसे?

"माझ्या मुलाला कुठेतरी चिकटवा" असे म्हणू नये. समोरचा माणूस अवघडतो आणि पुढच्या वेळी टाळतो. नोकरी मागण्याऐवजी माहिती विचारावी. शक्यतो मुलानेच विचारावी, वडिलांनी फक्त गाठ घालून द्यावी. "मी फिटरचा कोर्स केला आहे, मोटरचे काम येते. तुम्ही ज्या कारखान्यांत जाता तिथे असे काम कुठे असते? कोणाला भेटावे?" एवढे पुरे. निघताना आणखी एका माणसाचे नाव विचारावे. पुढे काय झाले ते आठवड्याभरात कळवावे, काम झाले नाही तरी कळवावे.

एक गोष्ट व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळी सांगायला नको. शिफारस करणारा आपली पत उधार देत असतो. महिन्याभरात नोकरी सोडून पळालात तर त्याची पत बुडते आणि मोहल्ल्यातल्या पुढच्या मुलाला ते दार बंद होते.

मुलाखतीत काय सांगाल?

"अनुभव आहे का?" या प्रश्नाला आपली मुले खाली मान घालून "नाही" म्हणतात. पाच वर्षे रोज संध्याकाळी वडिलांच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा असे म्हणतो, याला काय म्हणावे? त्याने सांगावे, "आलेला माल मोजून घेतो, चलनाशी बिल ताडून पाहतो, उधारीची वही लिहितो, वसुलीला जातो." स्टोअरकीपर किंवा विक्रीच्या जागेसाठी हाच अनुभव आहे. कारागिराच्या मुलाने आपण केलेला एखादा नग किंवा कामाचे चार फोटो बरोबर न्यावेत. हात शिकलेले आहेत पण कागद नाही, अशांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवण्यात आली. जवळच्या आयटीआयमध्ये त्याची चौकशी करावी.

दुसरा हमखास प्रश्न असतो, "वडिलांचे दुकान असताना नोकरी कशाला?" साहेबाच्या मनात शंका असते की हा चार महिन्यांत निघून जाईल. उडवाउडवी करू नये. "दुकान मोठे भाऊ पाहतात. मला मोठ्या कारखान्याचे काम शिकायचे आहे," असे जे खरे असेल ते सांगावे. पगाराचा आकडा ओळखीच्या दोघा-तिघांकडून आधीच काढून ठेवावा. मूळ कागद आणि झेरॉक्सच्या दोन प्रती फाइलमध्ये लावून न्याव्यात. आदल्या दिवशी पत्ता पाहून यावा. मुलाखत शुक्रवारी दुपारी आली तर आधीच फोन करून नम्रपणे वेळ बदलून मागावी. निवड झाल्यावर, रुजू होण्यापूर्वी नमाजच्या वेळेबद्दल मोकळेपणाने बोलून घ्यावे. नंतरच्या कुरबुरीपेक्षा ते बरे.

पैसे मागणाऱ्यापासून सावध

मुलाखतीच्या आधी डिपॉझिट, फॉर्म किंवा ट्रेनिंगच्या नावाने पैसे मागणाऱ्याला दुरून सलाम करावा. आखाती देशांच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या एजंटाला परदेशातील कामासाठी भरती करता येत नाही. नोंदणीकृत एजंटाच्या सेवाशुल्काची मर्यादाही २०१७ पासून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी अशी ठरली आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाचा नोंदणी क्रमांक पाहावा आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. "आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलू" असे म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. असा एजंट लांबचा चुलतभाऊ निघाला तरीही! आईचे दागिने विकून भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

शेवटी दुकानदार बंधूंना एक विनंती. आज दुकान बंद करताना मुलाला शेजारी बसवा आणि तीस नावांची यादी लिहायला घ्या. त्यातल्या एका माणसाशी तरी उद्याच गाठ घालून द्या. आणि उद्या तुमचे एखादे गिऱ्हाईक आपल्या मुलासाठी विचारायला आले, तर त्यालाही रिकाम्या हाताने परत पाठवू नका.