ना-नफा म्हणजे फुकट नव्हे

वसमत तालुक्यातील हट्ट्यासारख्या गावात गरजू मुलांना स्वस्त लॅपटॉप मिळावेत म्हणून संस्था काढायची म्हटली, की हमखास विचारले जाते: संस्था ना-नफा, मग पैसे कसले घेता? हा समज सर्वदूर आहे. ना-नफा संस्था वस्तूची किंमत घेऊ शकते, पगार देऊ शकते. बंधन एकच: वर्षअखेरीचे आधिक्य (खर्च वजा जाता उरलेली रक्कम) सभासदांनी वाटून घ्यायचे नाही, संस्थेच्या उद्देशावरच लावायचे. गावातल्या हरिनाम सप्ताहात आचारी, मंडपवाला यांना पैसे मिळतात. उरलेली वर्गणी मात्र कुणी घरी नेत नाही, तसेच हे.

2007 साली कर्जतजवळच्या खैराट येथील धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकी ना-नफा संस्थेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 100 डॉलरचे उद्दिष्ट ठेवलेले ते यंत्र प्रत्यक्षात 200 डॉलरच्या घरात गेले. कचेरीतून निघालेला जुना लॅपटॉप घेतला तरी खर्च सुटत नाही: बॅटरी उतरलेली असते, चार्जर हरवलेला असतो, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती चकती नसलेली जलद साठवण) बसवावी लागते. हे करणाऱ्या कारागिराला मजुरी द्यायलाच हवी.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान 7 जण लागतात. ते जमले, की आधी एका लॅपटॉपचा खरा खर्च कागदावर मांडा आणि तो गावाला दाखवा.