स्थिरही आणि वेगवानही : कलत्या पंखचक्रांचे विमान आणि त्याचा वैमानिक

वाराणसीच्या अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी थोडा वेळ बसले असता गंगेवर एखादा काळा-पांढरा खंड्या बहुधा दृष्टीस पडतो. पाण्यापासून काही मीटर उंचीवर तो एकाएकी थबकतो. पंखांची जलद फडफड करीत आणि चोच खाली वळवून तो हवेत एकाच जागी स्थिर राहतो. मासा दिसला तर तो खाली झेपावतो. न दिसला तर तेच पंख निराळ्या रीतीने हलवीत वेगाने पुढे निघून जातो. थांबणे आणि धावणे या दोन्ही क्रिया तो एकाच पंखांच्या जोडीने करतो आणि एकीतून दुसरीत जाताना कोठेही अडखळत नाही.

मनुष्याच्या उडत्या यंत्रांना ही गोष्ट दीर्घकाळ साधली नव्हती. वाराणसीजवळ बाबतपूर येथे विमानतळ आहे. तेथे उतरणाऱ्या विमानाला लांबलचक धावपट्टी लागते. सप्टेंबर १९७८ मध्ये गंगेला महापूर आला होता. तशा प्रसंगी छपरावर अडकलेल्या माणसाला हे विमान उचलून घेऊ शकत नाही, कारण हवेत थांबणे त्याला ठाऊकच नाही. हेलिकॉप्टर ते काम करू शकते. परंतु दिल्लीहून वाराणसी हे पावणेसातशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर तोडण्यास ताशी २५० किलोमीटर वेगाच्या हेलिकॉप्टरला पावणेतीन तास लागतील. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे यंत्र तेथे दीड तासाच्या आत पोहोचेल. जखमी माणसाच्या दृष्टीने या दोन आकड्यांतील फरक हा जीवनमरणाचा फरक होऊ शकतो.

स्थिर राहणारे आणि वेगाने धावणारेही असे एक यंत्र आज अस्तित्वात आहे. त्याला टिल्टरोटर, म्हणजे कलत्या पंखचक्रांचे विमान, असे म्हणतात. हेलिकॉप्टर सोडून या यंत्राकडे जावे की नाही, या प्रश्नाचा विचार करताना सैनिकी वैमानिकाला नेमके काय तोलावे लागते, हे येथे पाहावयाचे आहे.

हेलिकॉप्टरच्या वेगाला मर्यादा का?

हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या समूहाला आपण पंखचक्र म्हणू. समजा, या पात्यांची टोके ताशी ८०० किलोमीटर वेगाने फिरत आहेत. हेलिकॉप्टर एका जागी स्थिर असेल तर प्रत्येक पात्याला हवा सारख्याच वेगाने भेटते. ते ताशी ३०० किलोमीटर वेगाने पुढे जाऊ लागले म्हणजे एका बाजूचे, पुढे येणारे पाते हवेला ताशी ११०० किलोमीटर वेगाने भिडते, तर दुसऱ्या बाजूचे, मागे जाणारे पाते केवळ ५०० किलोमीटर वेगाने. हाच वेग ५०० पर्यंत वाढविला तर पहिल्या पात्याचे टोक ताशी १३०० किलोमीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगापलीकडे जाईल, आणि दुसऱ्याला अवघी ३०० किलोमीटरची हवा मिळून त्याची उचलण्याची शक्ती ढासळेल. एंजिन कितीही जोरदार बसविले तरी ही अडचण दूर होत नाही. ती पंखचक्राच्या आडव्या फिरण्यातच आहे.

यावर सुचलेला उपाय असा की, पंखचक्र उड्डाणाच्या वेळी आडवे ठेवावे आणि वर गेल्यावर ते पुढे कलवून उभे करावे. मग ते साध्या विमानाच्या पुढील पंख्याप्रमाणे ओढण्याचे काम करील आणि भार उचलण्याचे काम स्थिर पंखांवर सोपविता येईल. अमेरिकेतील बेल कंपनीच्या एक्सव्ही-३ या प्रायोगिक यंत्राने १९५८ मध्ये हवेत असे पूर्ण रूपांतर करून दाखविले. पुढे एक्सव्ही-१५ या यंत्राने १९७९ मध्ये ही कल्पना व्यवहार्य असल्याचे सिद्ध केले. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांना सोडविण्याची अमेरिकेची मोहीम वाळवंटात फसली. हेलिकॉप्टरांचा अपुरा पल्ला व त्यांतील बिघाड ही त्या अपयशाची मोठी कारणे असल्याने दूर पल्ल्याच्या, तरीही उभ्याने उतरणाऱ्या विमानाची निकड सैन्याला भासली. त्यातून व्ही-२२ ऑस्प्रे हे विमान निर्माण झाले. त्याने १९ मार्च १९८९ रोजी पहिले उड्डाण केले आणि २००७ मध्ये ते प्रत्यक्ष सेवेत आले.

ऑस्प्रेच्या प्रत्येक पंखाच्या टोकाशी एक एंजिन व सुमारे ११.६ मीटर व्यासाचे एक पंखचक्र असते. दोन्ही टोके पंखातून जाणाऱ्या दंडाने जोडलेली असल्यामुळे एक एंजिन बंद पडले तरी दुसरे दोन्ही पंखचक्रे फिरवू शकते. मात्र ही पंखचक्रे इतकी मोठी आहेत की, ती पुढे कललेली असताना हे विमान साध्या विमानाप्रमाणे जमिनीवर उतरविता येत नाही. पाती जमिनीवर आपटतील.

डाव्या हाताची सवय

वैमानिकाच्या पारड्यात पडणारी पहिली गोष्ट म्हणजे त्याची स्वतःची सवय. हेलिकॉप्टर चालविणाऱ्याच्या डाव्या हातात एक दांडा असतो; तो वर ओढला की उचल वाढते. साध्या विमानात डावा हात पुढे ढकलला की शक्ती वाढते. ऑस्प्रेमध्ये दुसरी पद्धत स्वीकारलेली आहे, आणि त्याच दांड्यावर अंगठ्याने फिरविण्याचे एक छोटे चाक बसविलेले असून त्याने पंखचक्रांचा कल बदलतो. शांत वेळी हे सर्व सहज शिकता येते. परंतु संकटाच्या क्षणी हात विचारून हलत नाही. हजारो तासांत जे मुरले आहे तेच तो करतो. म्हणून नवे यंत्र शिकणे याचा अर्धा अर्थ जुने विसरणे असा आहे.

आपल्याकडे टिल्टरोटर सैन्यदलांत आजवर दाखल झालेले नाही. तथापि या प्रश्नाच्या अगदी जवळचा अनुभव भारतीय नौदलाने गोव्यात घेतलेला आहे. डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरियर जातीची पहिली विमाने दाबोळीच्या नौदल तळावर आली, आणि त्याच महिन्यात कमांडर अरुण प्रकाश यांनी त्यांपैकी एक विमान ‘विक्रांत’ या नौकेवर उतरविले. हॅरियरमध्ये पंखचक्रे नव्हती; एकाच एंजिनाचा झोत चार फिरत्या तोट्यांमधून खाली वा मागे वळविला जाई. तोट्या फिरविण्याचा दांडा शक्तीच्या दांड्याशेजारीच, त्याच डाव्या हाताला होता. घाईत एकाऐवजी दुसरा हलविला तर परिणाम घातक होण्याचा संभव असे. इतर विमाने आधी उतरतात व मग थांबतात. हॅरियरला आधी थांबून मग उतरावे लागे. या एका उलटापालटीसाठी अनुभवी वैमानिकांनाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. मे २०१६ मध्ये गोव्यातच या विमानांना निरोप देण्यात आला. हॅरियरचा वैमानिक धावण्याकडून थांबण्याकडे गेला. टिल्टरोटरकडे वळणारे पुष्कळसे वैमानिक थांबण्याकडून धावण्याकडे जातात. दिशा उलट असली तरी धडा एकच : धोका दोन अवस्थांच्या मधल्या वाटेवर अधिक असतो.

हवेतील भोवरा

ही मधली वाट किती फसवी असते, हे ८ एप्रिल २००० च्या रात्री ॲरिझोनातील मराना येथे दिसून आले. सरावासाठी उतरणारे एक ऑस्प्रे उलथून कोसळले आणि त्यातील सर्व १९ सैनिक मरण पावले.

याचे कारण समजून घेण्यासाठी गंगेतील भोवऱ्याची कल्पना करावी. पंखचक्र हवा खाली ढकलते व त्या बळावर यंत्र तरते. पुढचा वेग अगदी कमी ठेवून ते वेगाने खाली येऊ लागले, तर ते स्वतःच खाली ढकललेल्या हवेत शिरते. ती हवा कडेने वर येऊन पुन्हा पात्यांत ओढली जाते आणि पंखचक्राभोवती भोवऱ्याचे एक कडे तयार होते. शक्ती वाढविली तरी उचल वाढत नाही. उलट भोवरा बळावतो. हा धोका हेलिकॉप्टरच्या वैमानिकांस ठाऊक असतो. परंतु हेलिकॉप्टरचे एकच पंखचक्र त्यात सापडले तर संपूर्ण यंत्र सरळ खाली बसते. टिल्टरोटरला शेजारी शेजारी दोन पंखचक्रे आहेत. त्यांपैकी एकच भोवऱ्यात सापडले तर ती बाजू खचते आणि विमान कुशीवर वळते. वैमानिक स्वाभाविकपणे खचलेली बाजू उचलू पाहतो. त्यामुळे त्याच पंखचक्राच्या पात्यांचा कोन वाढतो आणि ते भोवऱ्यात अधिकच रुतते. येथे सवयीचा, एरवी अगदी योग्य असा उपाय घात करतो.

ताशी सुमारे ७५ किलोमीटरांहून कमी वेग असताना मिनिटाला २४५ मीटरांपेक्षा, म्हणजे ८०० फुटांपेक्षा, जलद उतरू नये अशी मर्यादा होती. मराना येथील विमान याच्या दुपटीहूनही अधिक गतीने खाली येत होते. प्रारंभी दोषाचा भार मुख्यत्वे मृत वैमानिकांवर पडला. त्यानंतर या अवस्थेच्या सविस्तर उड्डाणचाचण्या झाल्या, विमानात इशारा देणारी योजना बसविण्यात आली आणि अंगठ्याचे चाक फिरवून पंखचक्रे पुढे कलवावीत व भोवऱ्यातून बाहेर पडावे, हा उपाय शिकविला जाऊ लागला. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षण उपमंत्री रॉबर्ट वर्क यांनी २०१६ मध्ये मान्य केले की, विमानाच्या विकासातील व सुरक्षिततेच्या योजनेतील उणिवा त्या अपघातानंतरच दूर करण्यात आल्या. ज्या धोक्याची पुरती ओळख निर्मात्यांनाच झाली नव्हती, त्याचा दोष वैमानिकांच्या माथी मारला गेला होता. तो पुसला जाण्यास सोळा वर्षे लागली.

पारड्यातील इतर वजने

हेलिकॉप्टरचे एंजिन बंद पडले तर खालून येणाऱ्या हवेने पंखचक्र फिरत राहते आणि कुशल वैमानिक यंत्र सुखरूप उतरवू शकतो. टिल्टरोटरची पंखचक्रे भाराच्या मानाने लहान असल्यामुळे हा आधार त्यात फारच दुबळा आहे. शिवाय, जोडदंड, दातेरी चक्रे व कलविण्याची यंत्रणा यांमुळे बिघडू शकणारे भाग वाढतात. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानमधील याकुशिमा बेटाजवळ दातेरी चक्रांच्या पेटीतील एक भाग तुटून ऑस्प्रे समुद्रात कोसळले व आठ जण दगावले. पेटीत धातूचे कण सुटत असल्याचे इशारे मिळूनही उड्डाण चालू ठेवण्यात आले होते, असेही चौकशीत आढळले. त्यानंतर अमेरिकेची सर्व ऑस्प्रे विमाने मार्च २०२४ पर्यंत जमिनीवर ठेवण्यात आली.

दुसऱ्या पारड्यात हेलिकॉप्टरच्या जवळजवळ दुप्पट वेग, लांब पल्ला आणि ढगांच्या वरून जाण्याची क्षमता आहे. ते वजनही हलके नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या भूदलाने ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांच्या जागी पुढे यावयाच्या यंत्रासाठी बेलच्या व्ही-२८० या टिल्टरोटरची निवड केली. त्यात एंजिन आडवेच राहते, केवळ पंखचक्र कलते. यामुळे हेलिकॉप्टरच्या पुष्कळ वैमानिकांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहणार आहे.

अशा वैमानिकाने केवळ वेगाचे आकडे विचारून चालणार नाही. या यंत्राच्या मधल्या अवस्थेची चाचणी किती झाली आहे, धोक्याचा इशारा मिळाल्यावर परत फिरण्याची मुभा आपल्याला खरोखर आहे काय, आणि जुनी सवय मोडून नवी मुरण्याइतके तास शिक्षणाला मिळणार आहेत काय, हे प्रश्न त्याने विचारले पाहिजेत. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर नवे यंत्र स्वीकारण्यात धाडस नसून शहाणपणा आहे. न मिळाली तर थांबण्यात भित्रेपणा नाही. गंगेवरच्या खंड्याला हे कौशल्य जन्मजात मिळाले आहे. मनुष्याला मात्र ते चाचण्या, अभ्यास आणि प्रामाणिक चौकशी यांच्या बळावर मिळवावे लागते, आणि जेथे यांपैकी एकाला फाटा दिला जातो, तेथे त्याची किंमत विमानात बसलेल्या माणसांना द्यावी लागते.