स्थानिक निधीतून हायस्कूल विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील लहान लहान गावांत मे महिन्याच्या सुमारास हायस्कूलच्या सभागृहात एक समारंभ होतो. बारावीचे वर्ष संपत आलेले असते. व्यासपीठावरून एकेका शिष्यवृत्तीचे नाव पुकारले जाते. एखादी दिवंगत शिक्षिकेच्या नावाची असते, एखादी शेतकरी दांपत्याच्या नावाची, तर एखादी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ त्याच्या वर्गमित्रांनी उभारलेली. रक्कम कधी पाचशे डॉलर, कधी हजार-दोन हजार. नावे अनेक असली तरी त्यांपैकी बऱ्याच शिष्यवृत्त्यांचे धनादेश एकाच संस्थेच्या कचेरीतून निघतात. त्या परिसराचे कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजेच स्थानिक लोकांच्या देणग्यांवर उभे राहिलेले सामुदायिक प्रतिष्ठान, ही ती संस्था होय.

या मदतीची गरज किती मोठी असते, हे दोन आकड्यांवरून ध्यानात येईल. इंडियानातील मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात शिकणाऱ्या त्याच राज्यातील विद्यार्थ्यालाही फी, निवास व भोजन मिळून वर्षाला वीस हजार डॉलरहून अधिक खर्च येतो. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना तेथील केंद्र शासनाचे पेल अनुदान मिळते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. उरलेली खिंड कर्ज काढून, नोकरी करून अथवा शिष्यवृत्ती मिळवून भरून काढावी लागते. ती भरून निघाली नाही तर विद्यार्थी पहिल्याच वर्षी कॉलेज सोडतो आणि काढलेले कर्ज मात्र मागे उरते.

सामुदायिक प्रतिष्ठानाची कल्पना एका बँक व्यवसायातील गृहस्थांची. क्लीव्हलंड शहरातील एका न्यास कंपनीचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांनी १९१४ मध्ये क्लीव्हलंड फाउंडेशनची स्थापना केली. मृत्युपत्रांनी स्थापन झालेले कितीतरी धर्मादाय निधी त्यांच्या पाहण्यात होते. दाता निवर्तला, काळ पालटला, परंतु त्याने घालून दिलेली अट मात्र तशीच राहिली, असा अनुभव वारंवार येई. सेंट लुईसचे एके काळचे महापौर ब्रायन मलनफी यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १८५१ मध्ये मृत्यू पावलेल्या या गृहस्थांनी आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा, पश्चिमेकडे वसाहतीस निघालेल्या गरीब प्रवाशांच्या साहाय्यासाठी ठेवला होता. पुढे आगगाडी आली, घोडागाड्यांचे तांडे थांबले. निधी होता, पण तो घ्यावयास प्रवासी उरले नाहीत.

यावर गॉफ यांनी काढलेला मार्ग साधा होता. शहरातील अनेक दात्यांचे निधी एका छत्राखाली आणावेत, त्यांची गुंतवणूक एकत्र व्हावी, आणि मूळ हेतू कालबाह्य किंवा अशक्य झाल्यास त्याला सर्वांत जवळचा असा दुसरा हेतू ठरविण्याचा अधिकार प्रतिष्ठानाच्या मंडळाला असावा. दात्याचे नाव कायम राहते. अटीचे ओझे मात्र पुढील पिढीवर लादले जात नाही. अमेरिकेत आज अशी शेकडो प्रतिष्ठाने आहेत, आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणे हे त्यांतील बहुतेकांचे ठळक काम आहे.

शिष्यवृत्ती निधीचे गणित समजावून घेण्यासारखे आहे. समजा, एका कुटुंबाने २५,००० डॉलर दिले. ही रक्कम मुद्दल म्हणून राखली जाते व इतर निधींबरोबर गुंतविली जाते. दरवर्षी तिच्या मूल्याच्या चार ते पाच टक्के इतकीच रक्कम वाटपासाठी काढतात. म्हणजे चार टक्क्यांनी एक हजार डॉलर. हे मूल्यही एका दिवसाचे धरीत नाहीत. मागील तीन वर्षांची सरासरी घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामुळे बाजार कोसळला तरी त्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या हातची रक्कम एकाएकी निम्मी होत नाही. उत्पन्नातील उरलेला भाग मुद्दलात मिळतो आणि महागाईशी काही अंशी बरोबरी राखतो. मिळाले तेवढे व्याज वाटून टाकण्याची सवय असलेल्यांना ही पद्धत कंजूषपणाची वाटेल, पण वीस वर्षांनंतरच्या विद्यार्थ्याचा विचार तीतच आहे.

इंडियानात हे काम राज्यभर कसे पसरले, ते पाहण्याजोगे आहे. औषधनिर्मितीच्या व्यवसायातील लिली कुटुंबाने १९३७ मध्ये लिली एन्डाउमेंट हा न्यास स्थापन केला. या न्यासाने १९९० मध्ये एक योजना आखली. गावोगावच्या लोकांनी आपले प्रतिष्ठान उभारावे व देणग्या जमवाव्यात. त्या प्रमाणात न्यास आपली भर घालील. पैसा केवळ वरून आला असता तर तो खर्चून संपला असता. येथे आधी स्थानिकांना हात खिशात घालावा लागला, आणि म्हणून संस्था टिकल्या. राज्यातील सर्व ९२ काउंटींना आज अशा प्रतिष्ठानांची सेवा मिळते. १९९८ मध्ये याच प्रतिष्ठानांमार्फत एक मोठी शिष्यवृत्ती सुरू झाली. निवडलेल्या विद्यार्थ्याला इंडियानातील महाविद्यालयात चार वर्षे शिकण्याची संपूर्ण फी मिळते, शिवाय पुस्तकांसाठी भत्ता. निवडीची सुरुवात काउंटीतच होते आणि निकषांचे वजनही तेथील प्रतिष्ठान ठरविते.

खरी कसोटी लागते ती निवडीच्या टेबलाशी. लहान गावात सर्वच एकमेकांना ओळखतात. समितीतील शिक्षकाने अर्जदाराला शिकविलेले असते, दुकानदाराचे त्याच्या वडिलांशी देणेघेणे असते. यावर उपाय म्हणून अनेक प्रतिष्ठाने अर्जावरील नाव झाकून केवळ क्रमांकावर गुण देतात. ज्याचा नातेवाईक अर्जदार आहे, असा सदस्य त्या वेळी समितीतून उठतो. दात्याचा आग्रह हा आणखी एक प्रश्न. ज्याने पैसे दिले त्याला विद्यार्थी निवडण्याचा मोह होणारच. २००६ च्या केंद्रीय कायद्याने येथे स्पष्ट रेषा आखली. दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधीतून शिष्यवृत्ती द्यावयाची असेल तर निवड समिती प्रतिष्ठानानेच नेमली पाहिजे, आणि तीवर दात्याचे वा त्याच्या नातलगांचे नियंत्रण असता कामा नये. धनादेशही बहुधा विद्यार्थ्याच्या हाती न देता कॉलेजच्या नावे काढतात.

तरीही काही दोष राहतातच. अटी फार बारीक असतील, म्हणजे अमुक शाळेचा, तमुक विषय शिकणारा, शिवाय बँडमध्ये वाजविणारा असा विद्यार्थी हवा असेल, तर एखाद्या वर्षी अर्जच येत नाहीत. आणि त्याच वर्गातील खरोखर गरजू मुलगी कोणत्याच चौकटीत बसत नाही. दुसरा दोष गावाच्या हातातला नाही. बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली असे कळताच काही कॉलेजे आपल्या मदतीतून तेवढीच रक्कम वजा करतात. विद्यार्थी होता तेथेच राहतो, लाभ कॉलेजचा होतो. सार्वजनिक विद्यापीठांतील या प्रथेला कायद्याने आळा घालणारे पहिले राज्य मेरिलंड ठरले, तेही २०१७ मध्ये.

मोठा दाता नसलेल्या गावाने काय करावे, याचे उत्तर मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर या कापड गिरण्यांच्या शहराने दिले. गिरण्या बंद पडत गेल्या होत्या. तेथील चष्मातज्ज्ञ डॉ. आयर्विंग फ्रॅडकिन शाळा समितीच्या निवडणुकीत पराभूत झाले, पण विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मदत करण्याचा आपला संकल्प त्यांनी सोडला नाही. शहरातील प्रत्येकाने एक डॉलर द्यावा, असे आवाहन करून १९५८ मध्ये त्यांनी निधी उभारला. गावोगावी त्याच्या शाखा निघाल्या, १९६१ मध्ये राष्ट्रीय संस्था झाली, आणि आज ती स्कॉलरशिप अमेरिका या नावाने ओळखली जाते.

एक डॉलरची ही हाक महाराष्ट्राला अपरिचित वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांनी मुष्टिफंडाच्या मूठमूठ धान्यावर मुले शिकविली आहेत. स्मरणार्थ पारितोषिकांची ठेव नसलेली जुनी शाळाही आपल्याकडे विरळाच. मात्र या ठेवी एकेकट्या असतात. समजा, १९८५ मध्ये कोणी पाच हजार रुपये ठेवले. दहा टक्के दराने वर्षाला पाचशे रुपये मिळाले, त्यात तेव्हा एका मुलाची पुस्तके व गणवेश सहज होत. व्याज दरवर्षी वाटले गेल्याने मुद्दल आजही पाच हजारच आहे, आणि सात टक्क्यांनी साडेतीनशे रुपये हाती येतात. जुन्या अकरावी मॅट्रिकला पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ठेवलेल्या बक्षिसाची तर परीक्षाच उरलेली नाही.

अशा प्रसंगी कायदा वाट अडवीत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातील कलम ५५ मध्ये, नोंदणीकृत न्यासाचा मूळ हेतू विफल झाल्यास त्याच्याशी मिळत्याजुळत्या कामी निधी वापरण्याबाबत निर्देश मिळविण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी अर्ज व कार्यवाही करावी लागते, आणि साडेतीनशे रुपयांसाठी ते कष्ट सहसा कोणी घेत नाही. नवी देणगी स्वीकारताना मुख्याध्यापकांनी वा संस्थेच्या चिटणिसांनी दात्याशी बोलून दोन कलमे पत्रातच नमूद करून घेतली तर हा प्रसंग टळतो. पहिले, उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दरवर्षी मुद्दलात मिळवावा. दुसरे, परीक्षा, इयत्ता अथवा विषय बदलल्यास त्याच शाळेतील गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी रक्कम वापरण्याची मुभा संस्थेस असावी.