सौर पॅनेलच्या कांचेवरील अदृश्य थर

मोराचें निळें पीस खलून पाहिल्यास निळा रंग हातीं लागत नाहीं; काळसर तपकिरी भुकटी तेवढी उरते. कारण त्या पिसांत निळें रंगद्रव्य मुळींच नसतें. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पाहतां त्याच्या तंतूंत काळसर द्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या, पाभरीच्या ओळींप्रमाणें, समान अंतरावर मांडलेल्या आढळतात. निळ्या भागांत हें अंतर सुमारें १४० नॅनोमीटर असतें, हिरव्यांत तें थोडें अधिक. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. दृश्य प्रकाशलहरींची लांबी सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. तिच्याहून बारीक अशी घडण पृष्ठभागास असली, म्हणजे कोणता प्रकाश परतवावा व कोणता आंत घ्यावा, हें ती घडणच ठरविते.

मोरपीस प्रकाश परतवितें. रात्रीं उडणाऱ्या पतंगाचा डोळा तो आंत घेतो. या डोळ्यावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात, हें बर्नहार्ड व मिलर यांनीं १९६२ मध्यें दाखविलें. हवेंतून कांचेसारख्या पदार्थांत शिरतांना प्रकाशाचें माध्यम एकाएकीं बदलतें, म्हणून त्याचा कांहीं अंश मागें फिरतो. पाण्याची लाट उभ्या भिंतीवर आदळून उलटते, पण उतरत्या काठावर विरून जाते; तद्वत् टोकाशीं निमुळते व बुडाशीं रुंद असे हे उंचवटे माध्यम हळूहळू पालटवितात आणि प्रकाश परत फिरत नाहीं.

आतां आपल्या सौरपंपाकडे वळूं. साध्या कांचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें ४ टक्के वरच्या पृष्ठावरूनच परत जातो. तो वांचविण्यासाठीं हल्लीच्या पुष्कळ पॅनेलांच्या कांचेवर सच्छिद्र सिलिकेचा सुमारें १०० ते १५० नॅनोमीटर जाडीचा थर देतात. त्यांतील छिद्रें इतकीं बारीक असतात कीं, प्रकाशास सिलिका व हवा मिळून एकच, दोहोंच्या मधलें, माध्यम भासतें. शिवाय थराची जाडी अशी बेतलेली असते कीं, त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींस बव्हंशीं मारून टाकतात. परत जाणारा बराच प्रकाश अशा रीतीनें कामीं येतो.

हा थर डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच त्यास धोका अधिक. राख, माती, काथ्या अथवा तारेचा ब्रश यांनीं कांच घांसल्यास तो झिजतो, आणि एकदां गेलेला थर घरीं पुन्हा देतां येत नाहीं. उलट धूळ तशीच राहूं दिली तर तीही प्रकाश अडविते. यास्तव पॅनेल नियमितपणें धुवावें. मात्र सकाळीं लवकर किंवा सायंकाळीं, कांच थंड असतां. पाणी गोडें घ्यावें, कारण मचूळ पाण्याचे क्षार कांचेवर डाग पाडतात. पक्ष्यांची विष्ठा खरवडूं नये. ती भिजवून मऊ फडक्यानें हलकेंच पुसावी. पॅनेल पुष्कळ वर्षांच्या भरंवशावर बसविलेलें असतें. त्या सर्व वर्षांचें पाणी कांहीं अंशीं या झिरझिरीत थरावर अवलंबून आहे, हें घरांतील मुलांमाणसांस व गड्यांसही समजावून सांगावें.