त्याला आणलंच कशाला?

आमच्या घरी टीव्ही आला तोच मुळी सेकंडहँड आणि कृष्णधवल. त्यामुळे ‘किंग काँग’ हा चित्रपट मुळातच कृष्णधवल आहे, हे मला तो पाहिल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळले. आमच्या घरी सगळेच चित्रपट तसे दिसत! ते १९९६ साल. मी दहावीत होतो. बेळगावात गल्लोगल्ली केबल पोचली होती आणि दिवसभर कार्टून दाखवणारी एक वाहिनी रात्री जुने इंग्रजी चित्रपट लावत असे. इंग्रजी सुधारेल, या सबबीवर मला ते पाहायची परवानगी होती. (इंग्रजी किती सुधारले देव जाणे, पुढे कॉलेजात तोच विषय शिकवायची वेळ आली, एवढे मात्र खरे.)

त्या रात्री सोबतीला आजी होती. आजोबा गेल्यावर वडिलांनी तिला खानापूर तालुक्यातल्या जंगलकडेच्या गावातून आमच्या दोन खोल्यांच्या घरात आणले, त्याला जेमतेम वर्ष झाले असेल. तिला शहरात झोप लागत नसे. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नव्हता, पण जनावर कळत होते. तिच्या गावी भाताच्या शेतात गवे उतरत, अस्वलाने ओरबाडलेली माणसे तिने पाहिली होती. काँग झाडे बाजूला सारत पडद्यावर आला तेव्हा मी उशी छातीशी धरली, तिने फक्त विचारले, “केवढं आहे रे ते?” तो डायनासोरशी झुंजला तेव्हा म्हणाली, “त्या पोरीला राखतोय बघ.” आणि न्यूयॉर्कच्या नाटकगृहात पडदा वर जाऊन साखळदंडांनी बांधलेला काँग दिसला, समोर कोटटोप्या घातलेली मंडळी तिकीट काढून बसलेली, तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

“ह्याला आणलंच कशाला इथं?”

काँग साखळ्या तोडून निघाला, त्या मुलीला शोधून काढले, तिला घेऊन उंच इमारतीवर चढला आणि नेमकी वीज गेली. ती पहाटे आली. सकाळी मी दात घासत असताना आजीने विचारले, “पुढं काय झालं त्या माकडाचं?” मला ठाऊक नव्हते. “बोटीत घालून परत सोडून आले त्याला,” मी ठोकून दिले.

“बरं झालं,” ती म्हणाली. मग जरा विचार करून, “बोटीत खायला काय घातलं असेल?”

हा लेख खरे तर माझ्या आवडत्या जुन्या भयपटांवर आहे, आजीवर नव्हे. पण नंतर असे चित्रपट मिळतील तिथून मिळवून पाहत गेलो आणि दर वेळी तिचाच प्रश्न पुढे येऊन बसला. काँगपासूनच सांगतो. तो पडद्यावर प्रचंड दिसत असला तरी बहुतेक दृश्यांत जेमतेम दीड फूट उंचीची बाहुली आहे. आत धातूचा सांगाडा, वर रबर आणि सशाचे कातडे. विलिस ओब्रायन आणि त्याचे सहकारी ती बाहुली किंचित हलवायचे, एक चौकट टिपायचे, पुन्हा हलवायचे. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा चोवीस चौकटी! बाहुलीला हात लागला की केस विस्कटायचे, त्यामुळे काँगची लव सारखी वाऱ्यावर असल्यासारखी थरथरते. तो खरे तर दोष, पण मला तर त्या थरथरीनेच तो जिवंत वाटतो. त्याची डरकाळी मरे स्पिव्हॅक या ध्वनितंत्रज्ञाने सिंह आणि वाघ यांच्या आवाजांची मोडतोड करून बनवली.

हा चित्रपट २ मार्च १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेत तेव्हा मंदीने कहर केला होता. त्याच आठवड्यात देशभरच्या बँकांना टाळे लागले. चित्रपटातली नायिकाही आपल्याला प्रथम भेटते ती उपाशीपोटी, फळवाल्याच्या दुकानातल्या सफरचंदाकडे हात नेताना. तिथेच तिला तो सिनेमावाला हेरतो आणि बोटीवर नेतो. म्हणजे तिलाही आणलेच आहे. बेटावरचे आदिवासी मात्र ज्या पद्धतीने रंगवले आहेत ते आज पाहवत नाही; गोऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले रानटी, एवढीच त्यांची ओळख. आवडत्या चित्रपटातले हे वैगुण्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्या बाजूच्या जुन्या मंडळींना किंग काँग म्हटले की आठवतो तो वेगळाच, दारासिंगशी लढलेला अगडबंब पैलवान. १९६२ साली बाबूभाई मिस्त्रींनी ‘किंग काँग’ नावाचा हिंदी चित्रपटही काढला होता, त्यात दारासिंग होता. असो.

काँगच्या आधी, १९३१ साली, ‘फ्रँकेन्स्टाईन’ आला. उत्तरपत्रिकांमध्ये दरवर्षी निम्मी मुले फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचे नाव म्हणून लिहितात. ते त्याला घडवणाऱ्याचे नाव. राक्षसाला नावच नाही आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्यातच आली. ज्याने जन्म दिला त्याने नावसुद्धा ठेवले नाही. मेरी शेली अठरा वर्षांची असताना तिने ही कादंबरी लिहायला घेतली, १८१८ साली ती प्रसिद्ध झाली. कादंबरीतला राक्षस चांगला बोलका, पुस्तके वाचणारा आहे. दिग्दर्शक जेम्स व्हेलने त्याला मुका केला. हे वाचून मी आधी नाक मुरडले होते, कादंबरी शिकवणारा माणूस ना मी! चित्रपट पाहिल्यावर मुकाट्याने मत बदलले.

त्याचे कारण बोरिस कार्लोफ. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे. या इंग्रज नटाचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचे वडील ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते आणि घराण्यात भारतीय रक्त होते. हॉलिवुडमध्ये त्याने ही गोष्ट फारशी बोलून दाखवली नाही. चौकोनी कपाळ, मानेला खिळे, जड पापण्या हे रूप जॅक पिअर्स या रंगभूषाकाराचे. ते चढवायला रोज काही तास लागत. गाल खोल दिसावा म्हणून कार्लोफने आपले कृत्रिम दात काढून ठेवले. एवढ्या लिंपणाखालून त्याचे डोळे आणि हात तेवढे बोलतात. फ्रँकेन्स्टाईन छताची झडप उघडतो, राक्षसावर पहिल्यांदा उजेड पडतो आणि तो दोन्ही हात वर करून तो उजेड धरायला पाहतो. मग झडप बंद होते. त्याचे हात तसेच रिकामे, पुढे आलेले. मी वर्गात हे दृश्य दाखवतो तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते.

दोन वर्षांपूर्वी हा चित्रपट मी मुलीबरोबर पाहिला. ती तेव्हा दहा वर्षांची. त्यातला तळ्याकाठचा प्रसंग अनेकांना माहीत असेल. छोटी मारिया राक्षसाला घाबरत नाही, त्याच्या हातात फुले देते. दोघे मिळून एकेक फूल पाण्यावर टाकतात, फुले तरंगतात. राक्षस पहिल्यांदा हसतो. फुले संपतात. मग तो मारियालाच उचलून पाण्यात टाकतो, तीही तरंगेल म्हणून. ती बुडते आणि तो हात चोळत, घाबरून पळतो.

माझी मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, “बाबा, माणसं बुडतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं ना?”

या प्रसंगाला सेन्सॉरने कात्री लावली होती. राक्षस मारियाकडे हात नेतो तिथेच दृश्य तोडत आणि पुढे थेट बाप पोरीचे प्रेत हातांवर घेऊन गावातून चालताना दिसे. मधे काय झाले ते प्रेक्षकाने आपापल्या मनाने भरायचे आणि माणसाचे मन अशा वेळी भलतेच भरते. लोकांना धक्का बसू नये म्हणून कात्री लावली आणि एका अजाण जिवाला नराधम करून टाकले! कित्येक वर्षे लोकांनी तोच कापलेला चित्रपट पाहिला. ते तुकडे पुन्हा जोडले गेले १९८० च्या दशकात. अर्धवट पाहून गोष्ट पुरी करण्यात काय धोका असतो, हे मला दात घासतानाच्या त्या सकाळपासून ठाऊक आहे. फक्त मी उलट्या बाजूने पुरी केली होती.

१९३५ चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’ अनेकांच्या मते पहिल्याहून सरस. त्यातला आंधळा म्हातारा राक्षसाला झोपडीत घेतो, जेवू घालतो, बोलायला शिकवतो. तो आंधळा आहे म्हणूनच हे घडते. डोळस माणसे येतात आणि झोपडी पेटते.

ड्रॅक्युलाबद्दल न लिहिले तर वाचक रागावतील. १९३१ च्या चित्रपटात बेला लुगोसी जिन्यावर उभा राहून ज्या ऐटीत बोलतो ती ऐट नंतर कुणाला साधली नाही, हे मान्य. पण मला ड्रॅक्युलाबद्दल माया वाटत नाही. त्याला कुणी आणलेले नाही. तो रीतसर कागदपत्रे करून लंडनजवळ घर घेतो आणि आपल्या पायांनी येतो! त्यापेक्षा १९२२ चा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ बरा. जिन्यावरून चढणारी ती वाकडी, लांब नखांची सावली एकदा पाहिली की रात्री पाणी प्यायला उठवत नाही. ड्रॅक्युलाच्या लेखकाच्या विधवेने परवानगीवाचून केलेल्या या चित्रपटावर दावा लावला. १९२५ साली कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, पण काही वाचल्याच. १९४१ चा ‘द वुल्फ मॅन’ लिहिला कर्ट सिओडमॅकने. नाझी जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेला हा लेखक. शेवटी बापच लांडगा समजून पोराला मारतो. बाकी चित्रपट मला बेताचा वाटतो.

जपानी ‘गोजिरा’ची गोष्ट निराळी. आपल्याकडे गॉडझिला म्हणजे मुलांचे खेळणे. तो अपराध नंतरच्या रंगीत चित्रपटांचा. १९५४ चा मूळ कृष्णधवल चित्रपट इशिरो होंडा यांचा आणि तो खेळ नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. त्याची किरणोत्सारी राख ‘भाग्यशाली ड्रॅगन’ अशा अर्थाचे नाव असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर तेवीस माणसे होती. सप्टेंबरात त्यांच्यातला रेडिओ सांभाळणारा वारला आणि ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. चित्रपटाची सुरुवातच समुद्रातली एक बोट अचानक उजळून बुडण्याने होते. जपानी प्रेक्षकाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

गोजिरा समुद्राच्या तळाशी होता. बाँबने त्याला उठवले. तो टोकियो जाळत जातो, तेव्हा एक आई मुलांना कवटाळून भिंतीशी बसलेली दिसते. आता आपण बाबांकडे जाणार, असे ती मुलांना सांगत असते. दुसऱ्या दिवशी इस्पितळात किरणोत्सर्ग मोजायचे यंत्र एका लहान मुलासमोर धरतात, यंत्र कडकडते आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. काँगवरून स्फूर्ती घेतलेल्या एइजी त्सुबुराया यांच्याकडे बाहुली हलवत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी रबरी पोशाखात माणूस घातला. पहिला पोशाख शंभरेक किलोचा. आत हारुओ नाकाजिमा घामाने निथळत चालायचा. ती जड, थकलेली चाल अभिनयाची नव्हे, ओझ्याची आहे. त्याचा आवाज म्हणजे संगीतकार इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या तारांवर ओढून काढलेला. ती किंकाळी ऐकून मला राग ऐकू येत नाही, दुखणे ऐकू येते. १९५६ साली अमेरिकेत हा चित्रपट गेला तेव्हा त्यात एक अमेरिकन वार्ताहर घुसवला आणि बाँबची बरीचशी बोलणी गाळली. पुन्हा कात्री!

काँगचा शेवट मी पाहिला २००३ साली, धारवाडला एमए करताना, होस्टेलवरच्या मित्राच्या कॉम्प्युटरवर. विमाने घिरट्या घालून गोळ्या झाडतात. काँग मुलीला अलगद खाली ठेवतो, आपल्या छातीवरचे रक्त बोटाने पाहतो. त्याला काय लागले आहे तेच कळत नाही. आणि पडतो. त्याला मारणाऱ्या विमानात बसलेली माणसे म्हणजे चित्रपटाचे दोघे दिग्दर्शक, कूपर आणि शोडसॅक. काँगला आपणच घडवला तेव्हा आपणच मारू, असे म्हणून ते स्वतः त्या दृश्यात उतरल्याचे सांगतात. आणि खाली प्रेताजवळ उभा राहून त्याला आणणारा सिनेमावाला सगळा दोष त्या मुलीच्या रूपावर टाकून मोकळा होतो!

त्या शनिवारी घरी आलो. आजी तांदूळ निवडत होती. आता तिला नीट दिसत नसे, बोटांनी खडे शोधायची. गावचे घर दोन पावसाळ्यांत कोसळले होते, तिकडचा विषय ती काढत नसे. मी सहज म्हणालो, “आजी, ते माकडाचं पिक्चर परत पाहिलं.”

“शेवटपर्यंत?”

“हो.”

तिचे हात सुपात थांबले. “पोचला का नीट?”

“पोचला,” मी म्हणालो.

“हं,” म्हणून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.