आबांची घंटा थंडीत का वाजली नाही?

आमचे घर जबलपूरजवळ खमरियाला आहे. इथली ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली आणि माझे आबा (आजोबा) तिथूनच निवृत्त झाले. त्यांना रोज सकाळी सहा वाजता रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्यासाठी एक घंटा बनवली. एटी८९एस५२ हा मायक्रोकंट्रोलर, वेळ सांभाळणारी डीएस१३०७ ही चिप, दोन ओळींचा डिस्प्ले आणि बझर, असा सगळा तिचा संसार. घंटा छान चालली आणि मी शाळेत परतलो.

हिवाळी सुट्टीत घरी गेलो तेव्हा आबा म्हणाले, “अरे, तुझी घंटा कधी वाजते, कधी नाही. वाजली नाही की मला वाटतं, अजून सहा वाजायचे आहेत.” त्यामुळे दोनतीनदा त्यांची गोळी चुकली होती. मला फार वाईट वाटले. घंटा नव्हती तेव्हा आबा स्वतः घड्याळ बघून गोळी घेत. माझ्या यंत्रावर विश्वास ठेवला म्हणून ती चुकली.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठलो. साडेपाचला बत्ती गुल झाली आणि पाच मिनिटांनी आली. स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर ७ अंश होते. घंटेच्या डिस्प्लेवर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसत होते. हा डिस्प्ले वीज मिळूनही मायक्रोकंट्रोलरकडून सुरुवातीच्या सूचना न मिळाल्यास असाच दिसतो. म्हणजे प्रोग्रॅम सुरूच झाला नव्हता. दुपारी मात्र बटण बंद-चालू केले की तीच घंटा लगेच सुरू व्हायची.

आता थोडे रीसेटविषयी. वीज आल्याबरोबर चिपने काम सुरू करून चालत नाही. आधी व्होल्टेज पूर्ण व्हावे लागते, क्रिस्टलची स्पंदने स्थिर व्हावी लागतात. तोपर्यंत चिपला थांबवून ठेवायचे आणि मग पहिल्या सूचनेपासून सोडायचे, याला पॉवर-ऑन रीसेट म्हणतात. आपल्या पीटीसारखेच आहे हे. सगळे कॅडेट फॉल-इन होईपर्यंत उस्ताद थांबतात, मगच शिट्टी वाजवतात. शिट्टी लवकर वाजली तर अर्धे पळतात आणि अर्धे बुटांच्या नाड्या बांधत असतात.

माझ्या सर्किटमध्ये ही शिट्टी एका कपॅसिटर आणि एका रेझिस्टरच्या हाती होती. १० मायक्रोफॅरड गुणिले ८.२ किलोओहम म्हणजे ८२ मिलिसेकंद. साधारण एवढ्या अवधीत रीसेट पिनवरचे व्होल्टेज उतरते आणि चिप सुटते. पण ही साधी जोडणी चालायला एक अट आहे. पुरवठ्याचे व्होल्टेज झटकन, म्हणजे सुमारे एका मिलिसेकंदात, चढले पाहिजे. ते हळूहळू चढले तर कपॅसिटर त्याच्याबरोबरच भरत जातो आणि रीसेट पिनला पुरेसे व्होल्टेज मिळतच नाही.

शोध मी असा घेतला.

पहिली पायरी: पुरवठा मोजला. मल्टिमीटरवर ४.९८ व्होल्ट आले. पण मल्टिमीटर शेवटचा आकडा दाखवतो, तिथपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला ते दाखवत नाही.

दुसरी पायरी: घंटा अडकलेली असताना रीसेट पिन एका तारेने क्षणभर ५ व्होल्टला लावली. घंटा लगेच सुरू झाली. म्हणजे प्रोग्रॅम, क्रिस्टल आणि चिप ठीक होते. फक्त रीसेट नीट होत नव्हता.

तिसरी पायरी: वीज क्षणभरच गेली तर कपॅसिटरमध्ये जुना भार उरतो आणि त्यामुळेही रीसेट चुकतो. म्हणून पहाटे मी प्लग काढून दहा मिनिटे थांबलो आणि मग लावला. तरी काळे चौकोन! उरलेल्या भाराचा संशय मिटला.

चौथी पायरी: दुपारी, घंटा चांगली चालत असताना, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत बर्फाचा खडा घेऊन एकेक भाग वेगळा गार केला आणि प्रत्येक वेळी वीज बंद करून पुन्हा दिली. चिप गार केली, घंटा सुरू झाली. क्रिस्टल गार केले, तरी सुरू झाली. रीसेटचा कपॅसिटर गार केला आणि डिस्प्लेवर काळे चौकोन आले. चोर सापडला. (बर्फामुळे सर्किटवर दव जमते. ते पुसून, वाळवून मगच वीज द्या.)

तो कपॅसिटर मी जुन्या रेडिओतून काढला होता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. वर्षानुवर्षे तो आटत जातो आणि थंडीत घट्ट होतो, त्यामुळे क्षमता कमी होते. कपॅसिटरवर १० छापलेले होते, मोजल्यावर ३ भरले आणि बर्फात तर १.५. म्हणजे ८२ मिलिसेकंदांचे दुपारी २५ झाले होते आणि बर्फात १२. नवा कपॅसिटर ७ अंशांना एवढा ढासळत नाही. जुन्याला मात्र तेवढी थंडीही पुरली.

दुसरी चूक पूर्णपणे माझीच. पुरवठा “मजबूत” व्हावा म्हणून मी ५ व्होल्टच्या बाजूला २२०० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर लावला होता. माझा अडॅप्टर अर्धा अँपिअर देतो. त्या हिशेबाने तो भरायलाच सुमारे २२ मिलिसेकंद लागतात. दुपारी २५ विरुद्ध २२, म्हणजे घंटा कशीबशी काठावर चालत होती. थंडीने तिला काठावरून ढकलले, एवढेच.

तुम्ही विचाराल, चिपमध्ये वॉचडॉग टायमर असतो ना? असतो. पण या चिपमध्ये तो प्रोग्रॅमने चालू करावा लागतो. प्रोग्रॅमच सुरू झाला नाही, तर पहारेकरी ड्युटीवर येणार कसा?

उपाय म्हणून मी मोठा कपॅसिटर काढला आणि रीसेटचे काम मॅक्स८१०एल या छोट्या चिपकडे दिले. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या वर गेल्यानंतरही ती किमान १४० मिलिसेकंद मायक्रोकंट्रोलरला थांबवून ठेवते. पुरवठा त्याखाली घसरला तर पुन्हा रीसेट देते. ८०५१ घराण्याला रीसेटसाठी पिनवर वरचे व्होल्टेज लागते, म्हणून ८१०. ज्यांना खालचे लागते त्यांच्यासाठी ८०९ असते.

साध्या व्यापारी दर्जाच्या चिप ० ते ७० अंश सेल्सिअससाठी असतात, औद्योगिक दर्जाच्या उणे ४० ते ८५ आणि लष्करी दर्जाच्या उणे ५५ ते १२५. पूर्वी मला वाटायचे की भारी दर्जाची चिप घेतली की काम झाले. पण माझी चिप ७ अंशांना तिच्या मर्यादेतच होती. हरला तो शेजारचा स्वस्त कपॅसिटर. सियाचीनला जाणाऱ्या यंत्रातला प्रत्येक भाग थंडीत का तपासावा लागतो, ते मला आमच्या स्वयंपाकघरात कळले.

शेवटी मी एक हिरवा दिवा बसवला. प्रोग्रॅम चालू असेल तरच तो लुकलुकतो. आबांना सांगितले, “दिवा लुकलुकत नसेल तर घंटेवर विसंबू नका, घड्याळ बघा.” सुट्टी संपेपर्यंत रोज पहाटे मी स्वतः प्लग काढून लावत होतो. सगळ्या दिवशी घंटा वाजली. तरी आबा आता आधी दिवा बघतात, मगच पांघरूण पुन्हा ओढून घेतात.