मुंबईची सुहेली, दिवाडीची म्हादेई

पवईच्या तलावाकाठी सकाळी फिरताना एकच उणीव मला जाणवते: एवढ्या पाण्यावर एकही शीड दिसत नाही. वारा असतो, पाणी असतं, काठावर गळ टाकून बसलेली माणसंही असतात. शीड मात्र नाही. आणि याच शहरात घडलेल्या एका शिडाच्या बोटीने जगाच्या नौकानयनाचा इतिहास बदलला, हे काठावरच्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

ती बोट म्हणजे सुहेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. त्याने ती मुंबईत बांधून घेतली आणि डिसेंबर 1964मध्ये ती पाण्यात उतरली. लांबी 32 फूट, डोलकाठ्या दोन, अंग सगळं सागवानाचं. आराखडा विल्यम ऍटकिन या अमेरिकनाचा आणि त्यामागची कल्पना त्याहून जुनी, नॉर्वेच्या वादळी किनाऱ्यावर कॉलिन आर्चरने घडवलेल्या बचावनौकांची. दोन्ही टोकं निमुळती, कणा लांब. आपल्या सुतारांनी तासणी आणि कामठ्याने फिरवायचा सामता अशी हातातलीच हत्यारं वापरून ती उभी केली. आखातातल्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी सुहेली म्हणतात, तेच नाव तिला मिळालं.

तिच्याशेजारी ठेवून बघावी अशी दुसरी बोट 45 वर्षांनी गोव्यात जन्मली. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ऍक्वेरियस शिपयार्डने भारतीय नौदलासाठी म्हादेई बांधली. फेब्रुवारी 2009मध्ये ती नौदलात दाखल झाली. आराखडा डच, लांबी 17 मीटर, वजन सुमारे 23 टन. हिच्याही पोटात लाकूडच, पण अरुंद पट्ट्या इपॉक्सीने जोडून वर फायबरग्लासचा थर चढवलेला. नाव नदीचं आणि नदीकाठच्या देवीचंही. होडीत उभ्या असलेल्या या देवीच्या जुन्या मूर्ती त्या खोऱ्यात सापडतात.

वापरलेली बोट पारखणारा आधी गळती बघतो. या दोघींतला पहिला फरक तिथेच आहे. सुहेलीच्या फळ्या एकमेकींना नुसत्या भिडवलेल्या, मधल्या फटींत कापूस ठोकून बसवलेला. पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि फट मिटते. समुद्राने बोट पिळवटली की तीच फट उघडते. 14 जून 1968 रोजी गोल्डन ग्लोब शर्यतीत इंग्लंडच्या फाल्मथहून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या रॉबिनला अटलांटिकमध्येच हा अनुभव आला. कण्याजवळून पाणी आत येऊ लागलं. गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद कपडे चढवून तो पाण्यात उतरला, श्वास कोंडून फटीत कापूस ठोकू लागला. दमला की वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली जायचं. कापूस टिकावा म्हणून त्यावर कॅनव्हासची आणि तांब्याची पट्टी ठोकली. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला. त्याला बंदुकीने मारून रॉबिन पुन्हा कामाला लागला. म्हादेईला अशा फटीच नाहीत, तिचं अंग एकसंध आहे. पण त्याला भेग पडली, तर नुसत्या कापसाने आणि हातोडीने ती बुजणार नाही.

दुसरा फरक चालीचा. सुहेलीने 312 दिवसांत सुमारे 30,000 सागरी मैल कापले, म्हणजे दिवसाला शंभराच्या आत-बाहेर. 22 एप्रिल 1969 रोजी ती फाल्मथला परतली. नऊ जण निघाले होते, शर्यत पुरी केली तिने एकटीने. म्हादेईवरून नौदल अधिकारी अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजी मुंबईहून निघाले आणि न थांबता 23,000 मैलांहून अधिक अंतर कापून 31 मार्च 2013 रोजी परतले. दिवसाला दीडशेहून जास्त मैल पडले. कारण साधं आहे. या दोघींसारखी बोट स्वतः उठवलेल्या लाटेत अडकून चालते. पाण्यातली लांबी जास्त, तर लाट लांब आणि वेगाची मर्यादाही वरची.

सुकाणूचंही तसंच. सुहेलीचं आपोआप दिशा धरणारं यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ कायमचं निकामी झालं. तेव्हा रॉबिनने शिडं अशी तोलून लावली, की लांब कण्याची ती बोट आपली आपण दिशा धरू लागली. म्हादेईवर ऑटोपायलट आहे, उपग्रहावरून संपर्क आहे. एकट्या माणसाला त्यामुळे झोप मिळते. पण बिघडू शकतील अशा वस्तूही वाढतात.

आणि तरी समुद्र दोघींना एकाच जागी आणून उभं करतो. सुहेली केप ऑफ गुड होपजवळ आडवी झाली, तेव्हा तिच्या टाक्यांतलं पिण्याचं पाणी नासलं. म्हादेईच्या 2013च्या परतीच्या वाटेवर गोड्या पाण्यात डिझेल मिसळलं. मध्ये 44 वर्षांचं तंत्रज्ञान. उपाय दोघांचा एकच, पावसाचं पाणी धरणं.

या दोन बोटींना जोडणारा धागा मराठी माणसाने विणला. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे निवृत्त व्हाइस ऍडमिरल मनोहर आवटी यांनी ‘सागर परिक्रमे’चं स्वप्न पाहिलं. भारतीयाने, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. त्यासाठी पुढे आलेले कमांडर दिलीप दोंदे आधी रॉबिनकडेच उमेदवारी करून आले. मग 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघून, चार बंदरांत थांबत, मे 2010मध्ये म्हादेईसह परतले. पुढे दांडेकरांच्याच यार्डात सुहेलीच्या आराखड्यावर तुरीया बांधली गेली. 2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी तिच्यावर होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, अभिलाष यांच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. कुठलाही आराखडा, जुना वा नवा, वादळाला हमी देत नाही.

मग दोघींत सरस कोण? म्हादेईने लाखावर सागरी मैल कापले, एका पिढीला समुद्र शिकवला. लांबच्या सफरीला मला विचाराल, तर मी तीच निवडीन. पण बोट पारखायची कशी, हे सुहेलीकडून शिकावं. पुढे तिला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं होतं. तिथल्या कोरड्या, जपलेल्या हवेत तिचं सागवान आकसू लागलं, फळ्यांमधल्या फटी रुंदावल्या. रॉबिनने 2002मध्ये तिला तिथून हलवलं आणि स्वतः हत्यारं घेऊन दुरुस्तीला बसला. मग ती पुन्हा पाण्यात उतरली. म्हणून जुनी बोट घ्यायला निघालेल्याला मी तिचं वय विचारणार नाही. दोनच गोष्टी विचारीन: तिची डागडुजी तुझ्या हातांना जमेल का, आणि वर्षातले किती दिवस तू तिला पाण्यात ठेवशील?